अकराव्या मजल्यावरचं गाऱ्हाणं

हॉटेलात काम म्हणजे कपबश्या विसळणं, अशी आमच्या धामापूरच्या निम्म्या गावाची समजूत. त्या निम्म्यात माझा नवराही मोडतो. नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत नाही, पण लिहायला हरकत नाही: लवू. आमची एकुलती मुलगी संचिता मुंबईत एका बड्या हॉटेलात नोकरीला लागली त्याला दीड वर्ष झालं. या दीड वर्षात देवळात कुणी विचारलं, "लवू, चेडू खंय आसा?" की हे सांगणार, "मुंबैक शिकता." एकदा मी शेजारीच उभी होते. घरी पोचेपर्यंत दम धरला आणि मग जे ऐकवलं ते काजूच्या बागेपलीकडे तळ्यापर्यंत गेलं असेल.

गेल्या गणपतीत बापलेकीचं ठरलं. हे म्हणाले, पुरे झालं, आता घरी ये, लग्नाचं बघू. संचिता म्हणाली, "बाबा, एकदा येवन रवा. कायम झालेल्या माणसाच्या आवशी-बापाशीक कंपनी एक रात्र फुकट देता. येवा, बघा. मगे तुमी चल म्हणालात, तर मी बॅग भरून तुमच्याच गाडयेत बसतंय." मुलगी शब्दाची पक्की आहे, हे मला माहीत. म्हणजे आम्ही मुंबईला मजा करायला निघालो नव्हतो, तिचा निकाल लावायला निघालो होतो. आणि निकाल माझ्या हातात नव्हता, हे माझं दुखणं.

भात झोडून झालं आणि आम्ही कुडाळला गाडी पकडली. सामान म्हणाल तर एक पिशवी लाडवांची, एक पिशवी कपड्यांची, यांची घरची चादर, तांब्या, आणि एक नारळ. नारळ कशाला, असं मी विचारलं नाही. हे गावाबाहेर पाऊल टाकतात तेव्हा नारळ असतोच.

हॉटेल अठरा मजल्यांचं, भर चौकात, चारही बाजूंनी हॉर्न. या कंपनीची म्हणे देशोदेशी शेकडो हॉटेलं आहेत आणि सगळीकडे तोच दिवा, तोच पलंग, तोच वास. पुढचा दरवाजा काचेचा आणि गोल फिरणारा. हे त्यात शिरले आणि एक पुरी फेरी मारून परत माझ्यापाशीच बाहेर आले. मग मी शिरले. मला बरोबर आत जाता आलं असतं, पण मीही एक फेरी जास्त मारली. मुद्दाम! पन्नाशी उलटल्यावर जत्रेतल्या पाळण्यात कोण बसू देतं?

काउंटरमागे संचिता उभी. काळा कोट, केस चापून बांधलेले, छातीवर नावाची पट्टी. माझं काळीज एवढं मोठं झालं. ती मात्र आमच्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "नमस्कार सर, नमस्कार मॅडम. आपलं आधार कार्ड मिळेल का?"

"गो, माका वळखूक नाय?" हे म्हणाले.

"ओळखलं सर. तरी आधार लागेल."

"मी तुजो बापूस मा?"

"हो सर. त्याचाच पुरावा द्यायचा आहे," ती म्हणाली, आणि मागे रांगेत उभा असलेला माणूस फिस्सकन हसला. तिचा चेहरा सरळ होता, पण गालावरची खळी लपत नव्हती. यांनी कनवटीच्या पाकिटातून आधार काढून दिलं, असं तोंड करून की जणू पोलीस पाटलाकडे हजेरी लावतायत.

खोली अकराव्या मजल्यावर. दारात आम्ही सवयीने चपला काढल्या आणि आत गेलो. काय ती खोली! पलंग एवढा की आमच्या दोघांच्या मधे अख्खी संचिता झोपली असती, पाच उशा, आणि काचेतून खाली मुंबई मुंग्यांसारखी पळतेय. मी पलंगावर बसले, तर खाली गेले आणि वर आले. पुन्हा बसले. चार-पाच वेळा बसले. हे बघत राहिले.

"येड लागला काय गो?"

"लागला. तुमी पण बसा."

ते बसले नाहीत. न्हाणीघर बघायला गेले आणि तिथूनच ओरडले. न्हाणीघर आणि पलंग यांच्या मधे भिंतच नव्हती. काच होती, आरपार, लख्ख पुसलेली.

"ह्यां न्हाणीघर काय दुकानातला शोकेस? मी हय आंघूळ करूचंय नाय!"

"तुमका बघणारी मी एकटीच आसंय. आणि बघण्यासारखां काय रवला हा आता?" असं म्हणून मी माझ्या दोन साड्या काचेवर आडव्या टांगल्या. पडदा पाडायचं बटण पलंगाच्या उशाशीच होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

तेवढ्यात यांना चपलांची आठवण झाली. दार उघडलं तर बाहेर चपला गायब. "शिरा पडली! अकराव्या माळ्यार चडून व्हाणो चोरल्यानी!" यांनी संचिताला फोन लावायला घेतला, इतक्यात एक बाई पांढऱ्या कापडाच्या दोन पिशव्या घेऊन आली. आत आमच्या चपला, पॉलिश करून चकचकीत. बाहेर काढून ठेवल्या म्हणजे पुसायला दिल्या, असं त्यांना वाटलं. यांच्या चपलांना मोचीसुद्धा कधी हात लावत नसे. हे त्या पिशवीकडे आणि चपलांकडे किती तरी वेळ बघत बसले. मला वाटलं, चला, बर्फ वितळायला लागला.

कसला वितळतोय! दिवेलागण झाली तशी यांनी तांब्या भरला, टेबलावर रुमाल पसरला, त्यावर पान-सुपारी मांडली आणि मधे नारळ ठेवला.

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही. विहीर असो, लग्न असो, नाटकाचा पहिला प्रयोग असो. एकाने देवाला हाक मारून मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. होय मिळालं की मागणं देवाकडे पोचलं. मिळालं नाही तर मागणं तिथंच अडकलं, आणि मागणारा हात जोडून तसाच उभा. गावात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. यांचा आवाज असा की भाताच्या चार कुणग्यांपलीकडून लोक होय म्हणतात. परक्या जागी रात्र काढायची तर तिथल्या राखणदाराला गाऱ्हाणं हवंच, हे मलाही पटतं. मी शेजारी उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला.

"बा देवा म्हाराजा! आई भगवती! आणि ह्या जागेच्या राखणदारा, तुजां नाव माका म्हायत नाय, पण तू आसस!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरां तुज्या आसऱ्याक अकराव्या माळ्यार येवन रवली आसत. तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती लिफ्ट मधीच अडकव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला.

"आणि ह्या आमच्या चेडवाक बरी बुदी दी, आणि उद्या आमच्यावांगडा तिका घराक धाड रे म्हाराजा!"

माझं हसू जागच्या जागी मेलं.

मी गप्प राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. हे डोळे मिटून थांबले होते. मग एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. पुन्हा घातलं, जरा मोठ्याने. मी काचेतून समोरच्या इमारतीचे मजले मोजायला लागले. यांचा चेहरा लाल झाला. तिसऱ्यांदा असा आवाज काढला की टेबलावरचे पेले किणकिणले.

"तिका घराक धाड रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" दाराबाहेरून उत्तर आलं.

मी दार खाडकन उघडलं. बाहेर निळ्या गणवेशातला पहारेकरी, चांगला मिशीवाला, पन्नाशीचा, आणि आपलाच हात तोंडावर दाबून उभा.

"कोण रे तू? तुका कोणी विचारल्यान होय म्हणाक?"

"माफ करा वयनी. मी बाळा, रेडी गावचो. शेजारच्या खोलयेतल्या सायबान तक्रार केल्यान, म्हणान इलंय. पण गाऱ्हाणां कानार पडला, आणि तोंडातसून आपसूक गेला."

"होय तो होय," हे आतून विजयी आवाजात म्हणाले. "मिळालो. आता काय बदलूचो नाय."

"घरचा गाऱ्हाणां, आणि होय भायरच्याचो? असा खंय असता?"

"देवाक घरचो काय, भायरचो काय!"

आम्ही दोघं भांडतोय, बाळा मधे उभा राहून घाम पुसतोय, शेजारच्या दारातून एक चष्मेवाला साहेब डोकावतोय, अशी परिस्थिती असताना लिफ्ट उघडली आणि संचिता आली. धावत नाही, चालत. आधी त्या साहेबाकडे गेली, दोन वाक्यं बोलली, साहेबाचा चेहरा निवळला आणि दार बंद झालं. मग आमच्याकडे आली. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे मागणं काय होतं तेही. ऐकताना तिने एकदाच खालचा ओठ दाताखाली धरला.

मग ती बापाकडे वळली. "बाबा, बाळाभाऊ आता ड्युटीर आसत. ड्युटीरल्या माणसान पाव्हण्याक होयच म्हणूचा, असो आमचो नियमच आसा. पाव्हणो म्हणालो सूर्य पश्चिमेक उगवता, तरी होय सर. तो होय देवाक कसो चलतलो?"

हे विचारात पडले. नियमाच्या माणसाला नियमानेच पकडावं लागतं. "तां खरा," ते म्हणाले. "मगे हो होय धरूक नको."

"नाय धरूचो," बाळा घाईघाईने म्हणाला.

संचिता जायला वळली. दारात थांबून म्हणाली, "आणखी काही मदत हवी असल्यास नऊ दाबा, सर." आवाज ड्युटीचाच होता, पण शेवटचा "सर" जरा ओला झाला होता.

दार लागलं. नारळ टेबलावर तसाच. हे पलंगावर बसले, आल्यापासून पहिल्यांदा, आणि तो पलंग यांना घेऊन खाली-वर झाला, पण दोघांनाही हसू आलं नाही.

"तू होय कित्याक म्हणूक नाय?"

"वीस वर्सांची होतंय तेव्हा माका कट्टा गावच्या बालवाडीत नोकरी लागली होती," मी म्हटलं. "बापाशीन गाऱ्हाणां घातल्यान, चेडवाचां लगीन जमां दी. सगळ्यांनी होय म्हटल्यानी. तेंच्यावांगडा मीय म्हटलंय, सवयीन. मगे घराक येवन कळला, मी काय म्हणालंय तां."

"म्हणजे माज्याशी लगीन करून फसलंस?"

"नाय हो. तुमी बरे आसास. पण ती नोकरी माजी होती."

एवढं बोलून मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. यांनी पॉलिश केलेल्या चपला घातल्या आणि "जरा खाली जावन येतंय" म्हणून निघाले. मीही मागून गेले. या माणसाला लिफ्टमधे एकटं सोडायची माझी छाती नव्हती.

खाली लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं. चाळीस माणसं, साठ बॅगा, आणि नवऱ्या मुलाचे दोन काका काउंटरवर एकमेकांना भिडलेले. सर्वांत वरच्या मजल्यावरची मोठी खोली एकच होती आणि ती दोघांनाही हवी होती. थोरला म्हणे मान माझा. धाकटा म्हणे लग्नाचा सगळा खर्च मी बघतोय. नवऱ्या मुलाची आई मधे रडकुंडीला आलेली. काउंटरमागे आमची संचिता.

आम्ही कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसलो. यांची नजर हलेना. तो मानपानाचा तंटा यांच्या रोजच्या ओळखीचा. पालखी आधी कुणाच्या दारात, पहिला प्रसाद कुणाला, यावरून गावात दर वर्षी डोकी फुटायची वेळ येते आणि दर वर्षी हेच ते निस्तरतात.

"आता काय करतली?" मी कुजबुजले.

"गप. बग."

संचिताने वाद घातला नाही. काउंटरमागून बाहेर आली, थोरल्या काकांना वाकून नमस्कार केला आणि वरच्या खोलीचं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. धाकटा उसळला. ती त्याच्याकडे न बघता थोरल्यालाच म्हणाली, "काका, तुम्ही घरातले मोठे. ही खोली कुणी घ्यायची, हे तुम्ही सांगाल तसं."

थोरला कार्ड हातात घेऊन उभा. सगळं वऱ्हाड त्याच्याकडे बघतंय. त्याने घसा खाकरला आणि कार्ड धाकट्याच्या हातात ठेवलं. "घे रे. मला मेलं एवढ्या वर चक्कर येते." धाकटा आधी गोंधळला, मग थोरल्याच्या पाया पडला, आणि वऱ्हाडात कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"शाबास!" हे सोफ्यावरून उठून गरजले. सगळं वऱ्हाड मागे वळलं. मी यांचा सदरा धरून खाली ओढला.

"गो, ह्यां माजां," ते माझ्या कानाशी म्हणाले. डोळे चमकत होते. "मोठ्याच्या हातीच देवचा, आणि तेकाच वाटूक सांगूचा. ह्यां मी करतंय, पालखेक. तिका कोणी शिकवल्यान?"

"कपबशे इसळताना शिकली असात," मी म्हटलं. सोडते की काय!

ते पुढे तासभर बसून होते. एक चिनी की जपानी बाई हातवारे करून काही मागत होती, संचिताने तिला इस्त्री आणवून दिली. एका म्हाताऱ्याचा चष्मा तुटला होता, तो सोनेरी पट्टी लावून जोडून दिला. यांनी एकही शब्द काढला नाही. वर येऊन आपली चादर जाड गालिच्यावर पसरली आणि झोपले. मी पलंगावर आडवी, पाच उशांसकट, राणीसारखी. पण झोप लागली नाही, कारण हा माणूस गप्प असतो तेव्हा काय ठरवतो ते तीस वर्षांत मला ओळखता आलेलं नाही.

सकाळी नाश्त्याला शंभर पदार्थ होते. मी त्यातले एकवीस मोजून खाल्ले, एक हलणारा पिवळा गोळा सोडून. यांनी घावणे मागितले, मिळाले नाहीत, तर डोसा खाऊन "तेंचो घावणो जाड असता" असं मत दिलं. मी खात होते, हसत होते, आणि घड्याळाकडे बघत होते. बाराच्या आत खोली सोडायची होती. निकाल अजून लागला नव्हता.

साडेअकराला संचिता आली. दुपारची आणि रात्रीची पाळी सलग करून सुटलेली, कोट हातावर, साधा कुडता. तिच्या पाठोपाठ पिशव्या उचलायला बाळा, तोही गणवेश उतरवून. संचिताच्या खांद्याला एक बॅग होती. भरलेली. ती बघून मला दरदरून घाम फुटला. पोरीने खरंच भरली होती.

"काय ठरवलास, बाबा?"

यांनी टेबलावरच्या नारळाकडे बोट केलं. "अर्धवट गाऱ्हाणां टाकून माका हयसून जावक येवचा नाय. पुरा करूक व्हया."

संचिताने मान खाली घातली. बाळाने माझ्याकडे पाहिलं. हे टेबलापाशी गेले, हात जोडले, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माज्यान होवचा नाय. तू घाल."

"मी?" आमच्या घरात बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी ऐकलेलं नाही. गावात तर नाहीच.

"हय कोण बघता? आणि बघल्यान तर बघांदेत. घाल."

मी पदर सारखा केला. आवाज कसा निघाला, देवाला ठाऊक.

"बा देवा म्हाराजा! आई भगवती! ह्या जागेच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!" बाळा म्हणाला. "आता माजी ड्युटी संपली हा," असंही वर सांगितलं.

"ह्यां माजां चेडू तुज्या दारात काम करता. उभ्यान काम करता. तेचे पाय दुखतत, ते दुखवू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका हयसर थारो दी! तेचां काम तेचांच रवांदे! कोणी होय म्हटला तरी तेच्या हातातसून काडून घेव नको रे म्हाराजा!"

बाळाने तोंड उघडलं, पण मी हात वर करून त्याला थांबवलं. संचिता माझ्याकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. मीही बघत होते. हे डोळे मिटून उभे, ओठ हलतायत, आवाज नाही. आयुष्यभर या माणसाने दुसऱ्यांकडून होय म्हणवून घेतलं. स्वतः म्हणायची वेळच आली नव्हती. म्हणायचं कसं, हे बहुधा त्यांना ठाऊकच नव्हतं. मी थांबले. मग पुन्हा घातलं.

"तेचां काम तेचांच रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

काय तो आवाज! पेले किणकिणले, काचेवरची माझी साडी सुटून खाली पडली, आणि संचिताने खांद्यावरची बॅग टाकून बापाला मिठी मारली. ती रडत होती आणि हसत होती, बाळा नाक पुसत होता, आणि मी चारचौघांत पलंगावर बसून खाली-वर उडत होते.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारचा साहेब असणार. संचिता पुढे झाली, पण यांनी तिला बाजूला सारून स्वतः उचलला आणि ताठ उभं राहून, तालुक्याच्या कचेरीत बोलतात तशा शुद्ध मराठीत म्हणाले, "होय साहेब, आवाज माझाच. क्षमा असावी. माझी मुलगी या हॉटेलात नोकरीला आहे. होय, काउंटरवरची, संचिता. कायम झाली. तिच्यासाठी गाऱ्हाणं घातलं." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्हीही एकदा होय म्हणा."

पलीकडून साहेब काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही. यांनी मात्र समाधानाने मान हलवली आणि फोन खाली ठेवला.